पहारेकऱ्याचं वाक्य

दिनकर गद्रे बोलताना अडखळत असे, आणि हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही. अडखळणं म्हणजे थोडंथोडकं नव्हे. प, ब, म ही अक्षरं समोर आली की त्याचे ओठ मिटायचे ते मिटूनच राहायचे. मान ताठ व्हायची, डोळे बारीक व्हायचे, आणि समोरचा माणूस छताकडे, चपलांकडे, कुठेही बघायला लागायचा. 'द'चं तर विचारूच नका, म्हणजे स्वतःचं नाव सांगायचीच पंचाईत. घरात फोन वाजला की ह्याला हमखास बाथरूमला जायचं असे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर होता ते एका अर्थी बरं, कारण तिथलं बरंचसं बोलणं दिवे आणि घंटाच करतात. मुलगी झाली तेव्हा विनयाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दोन्हीकडची मिळून वीस नावं काढली होती. ह्याने ती सगळी बाजूला सारून 'उल्का' ठेवलं. नातेवाईक म्हणाले, काय हौशी बाप! हौस कसली डोंबलाची. स्वरापासून सुरू होणारं ते नाव त्याच्या तोंडून एका दमात निघत असे, एवढंच.

त्र्याऐंशी साली ही उल्का तेरा वर्षांची होती. वाढलेली सगळी लखनौत. मराठी तिला शब्दन् शब्द कळायचं, पण उत्तर येणार ते हिंदीत. आणि बाबा अडला की ती त्याचं वाक्य पुरं करायची. "विनया, जरा प..." एवढं झालं की आतल्या खोलीतून आवाज, "मम्मी, बाबा को पानी!" त्याला पाणी नको असायचं, पंचा हवा असायचा. पण आता कोण सांगत बसतो, म्हणून तो पाणी पिऊन टाकायचा. त्या घरात त्याची निम्मी वाक्यं मराठीत सुरू व्हायची आणि मुलीच्या तोंडून हिंदीत संपायची.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या थोरल्या भावाने, हरिहरने, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर तरी एक खोका पाठवला. आत एक पुस्तक आणि चित्रविचित्र फासे, चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, 'मी दार उघडतो', 'मी पळतो' असं म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. असा तो खेळ. भावाने चिठ्ठीत लिहिलं होतं, उल्काला आवडेल.

उल्काला आवडलाच, पण खुळावला बाळकृष्ण टिकेकर. हा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, इंदिरा नगरातच, गद्र्यांपासून दोन गल्ल्या सोडून राहायचा, आणि त्याच्या आवाजाला माईक कधी लागला नाही. त्याने लगेच माणिकताईंना गोळा केलं. माणिकताई एका संशोधन संस्थेत केमिस्ट, एकट्या राहणाऱ्या, मोजून-मापून बोलणाऱ्या. पहिल्या रविवारी गोष्ट बाळकृष्णानेच सांगितली. म्हणजे लेक्चर दिलं. दहा मिनिटांत सगळी पात्रं मेली आणि माणिकताईंना जांभया यायला लागल्या.

"पुस्तक कोणी वाचलंय नीट?" माणिकताईंनी विचारलं.

दिनकरने वाचलं होतं. चार वेळा, समासात पेन्सिलीने खुणा करून.

"मग झालं तर! तूच आमचा सूत्रधार," बाळकृष्ण म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो गप्प झाला. गप्प झालेला बाळकृष्ण बघवत नाही, म्हणून दिनकरने मान डोलावली.

आता ज्याला पंचा मागता येत नाही तो गोष्ट काय सांगणार? पण हा पडला इंजिनिअर. त्याने वर्णनं चिठ्ठ्यांवर लिहून काढली आणि पत्त्यांसारखी एकेक पुढे सरकवायला लागला. आणि जिथे चिठ्ठी पुरेना तिथे आवाज वापरले. घरात टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. तो पिशवीत घालून दिनकर चारबाग स्टेशनच्या लोकोशेडमध्ये गेला आणि वाफेचं इंजिन उभं असताना जे श्वास टाकतं ते रेकॉर्ड करून आणले. तो झाला राक्षस. नळाखाली रिकामी घागर ठेवून थेंब टेपवर घेतले, ती झाली गुहा. सुपात मोहरी घोळवली की पाऊस. विनया खेळत नसे, पण सूप तिच्या हातात असे. "माझी मोहरी सांडली तर गाठ माझ्याशी आहे," असं दर वेळी बजावूनही पाऊस अगदी मन लावून पाडायची.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी त्याला आणखी एक गोष्ट सापडली, तीही चुकून. गुहेतले थेंब चालू होते, बाळकृष्ण चिवडा खात होता, आणि कॅसेट एकदम अडकली. दिनकरने खटकन बटण दाबून टेप बंद केला. खोलीतल्या सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. चिवड्याचा बकाणा भरलेला बाळकृष्ण चावायचा थांबला. माणिकताई हळूच म्हणाल्या, "दिनकरराव, काय आलंय तिथे?"

तिथे काहीच आलं नव्हतं, कॅसेट गुंतली होती. पण दिनकरने तोंडातून अक्षर काढलं नाही. नुसता एक फासा उचलून टेबलावर टाकला, आणि बाळकृष्ण दचकला. त्या दिवसापासून ठरूनच गेलं, कोणी न ठरवता. टेप थांबला की संकट. मग श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. आयुष्यभर दिनकर ज्या शांततेला घाबरत आला होता, ती आता तो रविवारी दुपारी तीन ते सहा हवी तेव्हा वाढत होता आणि लोक ती हात पसरून घेत होते. त्याला फार मजा वाटायची. फक्त त्याचं स्वतःचं बोलणं मात्र कुठेच नव्हतं.

मे महिन्यात शाळेचं प्रकरण झालं. उल्काची शाळा अलीगंजात. नववीला विज्ञान की गृहविज्ञान, हे शाळेने परस्पर ठरवून बऱ्याच मुलींना गृहविज्ञानात टाकलं होतं, त्यात ही. दिनकर स्कूटर काढून तिला घेऊन गेला. रात्रभर वाक्य घोकलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसला आणि म्हणाला, "म... मैडम, म... मेरी ब... ब..."

"बाबा कह रहे हैं कि मुझे साइंस लेनी है," उल्का म्हणाली. आणि मग सगळं तीच बोलली, मार्क, आवड, पुढचा विचार, अगदी व्यवस्थित. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक है बेटी, पापा से कहिए एक एप्लिकेशन लिख दें."

पापा दोन हातांवर बसले होते! पापांचे कान शाबूत होते! पण त्या बाईंनी उरलेला सगळा वेळ 'पापा से पूछिए', 'पापा को बताइए' असंच चालवलं. काम झालं. विज्ञान मिळालं. आणि दिनकरला परत येताना स्कूटरवर रडू आलं. मागे बसलेल्या मुलीला ते दिसत नव्हतं, तेवढाच काय तो आधार.

संध्याकाळी त्याने खेळातलीच एक कोरी चिठ्ठी घेतली, लिहिलं, 'माझं वाक्य मला संपवू देत जा,' आणि तिच्या वहीवर ठेवली. तिने वाचली, बराच वेळ पेन्सिल चावली.

"लेकिन लोग हँसते हैं, बाबा," ती शेवटी म्हणाली. "आपको नहीं दिखता. आपकी आँखें बंद हो जाती हैं न, तब. मैं देखती हूँ. मुझसे सहा नहीं जाता."

दिनकरने ती चिठ्ठी परत घेऊन खिशात घातली. त्याला आजवर वाटत होतं की मुलीला घाई असते. ती इतकी वर्षं त्याच्या आड उभी राहत होती हे त्याला आज कळलं. मुलीला आपली लाज वाटली असती तर परवडलं असतं, हे फारच वाईट होतं.

म्हणून त्याने मनाशी ठरवलं. गोष्ट आता शेवटाला आली होती. सगळी भुयारं संपून शेवटचं दार उरलं होतं, दाराशी एक म्हातारा पहारेकरी. त्याचं बोलणं चिठ्ठीवर द्यायचं नाही. ते आपल्या तोंडून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मुलीसमोर. एकदा तरी तिने आपल्याला एक वाक्य संपवताना बघावं. चार-पाचच वाक्यं होती: 'थांबा. शंभर वर्षं मी ह्या दाराशी उभा आहे. आतलं सोनं मी कधी पाहिलेलं नाही. मला एवढंच सांगा, तुमच्यापैकी कोण माझ्याऐवजी पहारा देईल?'

वाक्यात म आणि प केवढे होते बघा. बदलता आले असते, आयुष्यभर तो तेच करत आला होता. ह्या वेळी बदलले नाहीत.

पण धीर म्हणजे काय नळाचं पाणी आहे, सोडलं की आलं? रविवार जवळ आला तसा ह्याला घाम फुटला. आणि इथे ह्या सद्गृहस्थाने लबाडी केली. एकटा असला की दिनकर घडाघडा बोलायचा, अजिबात न अडता. अशा माणसांचं असतंच तसं. शनिवारी त्याने टू-इन-वन पिशवीत घातला, सिग्नल चालवणारे रिले जिथे दिवसरात्र टकटकत असतात त्या स्टेशनच्या रिले-रूममध्ये जाऊन दार लावून घेतलं, आणि पहारेकऱ्याचं सगळं बोलणं टेपवर बोलून टाकलं. आवाज असा लागला की स्वतःच ऐकून चाट पडला. म्हटलं, काय वाईट आहे? आवाज आपलाच आहे. तोंडही आपलंच. फक्त एक दिवस आधीचं.

घरी येऊन त्याने सवयीने टेपमधले सहाही सेल काढून ठेवले. सेल गळतात आणि यंत्राची वाट लावतात, हे सिग्नलवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. घरात टेप विजेवरच चालत असे.

रविवारी जूनची दुपार, बाहेर झळांची लू वाहत होती. कूलर खडखडत होता, पंखा फिरत होता, खिडक्यांवर पडदे. विनयाने पन्हं आणून ठेवलं. बाळकृष्ण गोष्टीत तलवारबाज होता, माणिकताई वैद्यीण, आणि उल्का कुलपं उघडणारी चोर. तिघं शेवटच्या भुयारातून निघाले. टेपवर थेंब पडत होते. मग दिनकरने कॅसेट बदलली, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

"थांबा," टेप म्हणाला. "शंभर वर्षं मी ह्या दाराशी उभा आहे."

टेपवर आवाजामागे रिले टकटकत होते. "हाडं वाजतायत म्हाताऱ्याची," बाळकृष्ण खुश होऊन पुटपुटला. माणिकताईंनी कान टवकारले. त्यांना आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते लक्षात येईना. उल्काच्या लगेच लक्षात आलं. तिने एकदा टेपकडे बघितलं, एकदा बापाच्या मिटलेल्या तोंडाकडे. तिच्या चेहऱ्यावर आनंद बिनंद काही नव्हता.  आपण काय करून बसलो हे दिनकरला त्या क्षणी कळलं.

"आतलं सोनं..." टेप म्हणाला, आणि लाइट गेली.

टेप बंद. कूलर दोन-चार गचके देऊन थांबला. पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला. इतकी शांतता त्या खोलीत सहा महिन्यांत झाली नव्हती. पाठीमागच्या गल्लीत एक सायकल खडखडत गेली तीसुद्धा ऐकू आली. बाळकृष्णाने पन्ह्याचा पेला ओठांपर्यंत नेलेला होता, तो तिथेच राहिला. टेप थांबला की संकट, हे त्यांना दिनकरनेच शिकवलं होतं. कोणी 'लाइट गेली' असंसुद्धा म्हणालं नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते.

सेल कपाटात होते. उठून आणता आले असते. दिनकरने कपाटाकडे बघितलंसुद्धा. मग मुलीकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

"आतलं सोनं," तो म्हणाला, "म..."

ओठ मिटले. मान ताठ झाली. नेहमी इथे तो डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे दिसायला नको. आज त्याने ते जोर करून उघडे ठेवले. पाहू दे. बाळकृष्णाचा तो भला मोठा चेहरा समोर होता. त्यावर हसू नव्हतं. भीती होती, गोष्टीतली. माणिकताई पुढे झुकल्या होत्या, मुठीत फासा.

"म... म... मी कधी प... पाहिलेलं नाही."

उल्काचे ओठ हलले होते. शब्द तिच्या जिभेवर आलेला त्याला दिसत होता, गेली पाच-सहा वर्षं तो असाच दिसायचा. तिने बाळूकाकाकडे बघितलं. मग माणिकमावशीकडे. कोणी हसतंय का ते ती एकेकाच्या तोंडावर शोधत होती. दारात सूप घेऊन उभ्या असलेल्या आईकडेही बघून झालं. विनयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नव्हतं, कारण हलायचं नव्हतं.

उल्काने तोंड मिटलं.

"म... मला एवढंच सांगा," दिनकर म्हणाला. घाम कानामागून शर्टात उतरत होता. "तुमच्यापैकी कोण... कोण म... म... माझ्याऐवजी प..."

इथे तो खरा अडला. आधीचं सगळं ह्यापुढे काहीच नव्हतं. 'प' आला आणि दगडासारखा बसला. पाच मोजा, दहा मोजा, वीस मोजा. ओठ पांढरे झाले. कोणी छताकडे बघितलं नाही, कोणी चपलांकडे बघितलं नाही.

आणि लाइट आली.

कूलर धडधडून सुरू झाला. पंखा फिरायला लागला. टेपचं बटण तसंच दाबलेलं होतं, तोही सुरू झाला, आणि त्याच्यातून तो खणखणीत, न अडणारा, शनिवारचा दिनकर बोलायला लागला, "...मी कधी पाहिलेलं नाही. मला एवढंच सांगा..."

बाळकृष्णाने सुटकेचा श्वास सोडला. दिनकरचा हात टेपकडे गेला नाही.  त्याला वाटलं, झालं, संपवा आता एकदाचं ह्या यंत्रानेच.

उल्का उठली. टेबलावर वाकून तिने टेप बंद केला. फासे खाली सांडले, तिने ते उचललेही नाहीत. मग खिडकीशी जाऊन कूलर बंद केला. मग पंखा. जूनच्या लखनौत, भर दुपारी! बाळकृष्ण म्हणाला, "अगं उल्के, मरू की आम्ही!"

"गप्प बसा ना बाळूकाका," ती म्हणाली. घरात तिच्या तोंडून मराठी इतक्या दिवसांनी निघालं की विनयाच्या हातातलं सूप कललं. "बाबा बोलतायत."

ती आपल्या जागेवर येऊन बसली, हात मांडीवर ठेवले आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मोहरी फरशीवर घरंगळत गेली आणि थांबली.

दिनकरने पुन्हा 'प'ला हात घातला. बराच वेळ लागला.